युनुसचे दोन फोटो

महाडच्या बाजारपेठेत माझं फोटो फ्रेम करण्याचं दुकान आहे. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो आणि सावित्री नदीकाठच्या गावांतून येणारे आखातातले फोटो, हे माझं रोजचं काम. आखातातल्या फोटोंचा एक ठरलेला नमुना असतो. माणूस उंच इमारतीपुढे किंवा गाडीपुढे ताठ उभा असतो आणि पायांतले बूट दिसत असतात. फ्रेम करताना बूट कापले गेले तर गिऱ्हाईक फोटो परत देतं. मी कारण कधी विचारलं नाही, पण बूट सांभाळायला शिकले.

फोटो काढायची हौस मात्र उशिरा लागली. आमचा महाड-चिपळूणकडचा हौशी गट आहे. महिन्यातून एकदा जमतो, एकमेकांचे फोटो पाहतो, बरंवाईट बोलतो. यंदाच्या प्रदर्शनाचा विषय होता 'रस्ता', आणि त्याच सुमारास मुलीने, मुग्धाने, तिकीट पाठवलं. जावई सौरभ रियाधला बँकेत कॉम्प्युटरच्या कामावर आहे. तीन वर्षं ती बोलावत होती आणि मी दुकानाचं कारण सांगत होते. या हिवाळ्यात दुकान दिराच्या ताब्यात दिलं आणि निघाले.

निघायच्या आधी हमीदाबी दुकानात आली. ती माझी जुनी गिऱ्हाईक, सत्तरी ओलांडलेली. नवऱ्याचा फोटो तिने माझ्याकडेच फ्रेम करून घेतला होता. रिक्षातून उतरून दोन पायऱ्या चढेपर्यंत तिला दम लागला. पावलं सुजून चपलेबाहेर आली होती. हृदय थकलंय, असं डॉक्टरांनी तिच्या सुनेला, सलमाला, सांगितलं होतं आणि सलमाने मला. किती दिवस काढेल, हे कुणी बोललं नव्हतं.

तिचा मुलगा, सलमाचा नवरा युनुस, जेद्दाला एसी दुरुस्तीचं काम करतो. चार वर्षं घरी आलेला नव्हता. फोन करायचा, फोटो पाठवायचा. हमीदाबीने मोबाइलवरचे फोटो मला एकामागून एक दाखवले. मॉलपुढे युनुस, कारंज्यापुढे युनुस, कुणाच्या तरी पांढऱ्या गाडीला टेकून युनुस. सगळ्यांत बूट होते.

"जेद्दाला जाशील तर त्याचा एक फोटो काढून आण," ती म्हणाली. "तो धाडतो तसला नको. त्यात तो नुसता उभा असतो. तू बघून काढ, बाय. माझं पोर कसं हाय, तेवढं मला कळू दे."

मी हो म्हटलं. अवघड काम घेतलंय, असं तेव्हा मुळीच वाटलं नाही.

रियाध

रियाधमध्ये पहिली अडचण अशी, की रस्ते आहेत पण त्यांवर माणसं नाहीत. मुग्धाच्या बिल्डिंगखालचा रस्ता आमच्या गावच्या मैदानाएवढा रुंद, आणि त्यावरून फक्त गाड्या. भाजी आणायला गाडी, शाळेला गाडी, समोरच्या दुकानात जायलाही गाडी. मी सकाळी चालायला बाहेर पडले, की गाडीवाले वेग कमी करून बघायचे, ही बाई हरवली तर नाही ना. आपल्याकडे माणूस दारात बसलेला असतो. इथे दारं उंच भिंतींच्या आत. घर कितीही मोठं असो, बाहेरून दिसते ती वाळूच्या रंगाची भिंत आणि लोखंडी फाटक.

सौरभने पहिल्याच दिवशी नियम सांगितले. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही, बायकांचा तर नाहीच. पोलीस, सरकारी इमारती, विमानतळ यांच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही. तो म्हणाला, "आई, तुम्हाला समज देऊन सोडतील. पण माझा इकामा आहे इथे." इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना. नोकरी, घर, मुलीची शाळा, सगळं त्या एका कार्डावर टांगलेलं असतं. त्यामुळे तिथली माणसं तो शब्द आपण 'तब्येत' म्हणतो तसा उच्चारतात.

नात इरा नऊ वर्षांची. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. आधी मी दुरुस्त करत होते, मग सोडून दिलं. कॅमेऱ्यावरच्या फोटोंना मात्र ती तत्काळ गोष्ट जोडायची. रिकाम्या फुटपाथवर पडलेल्या एका सपातेचा, स्लिपरचा, फोटो पाहून म्हणाली, "आजी, ये आदमी उड गया." तिची आई म्हणाली, कचरा आहे. मला तो फोटो कोपऱ्यातल्या सावलीसाठी आवडला होता. एका सपातेत तिघींनी तीन गोष्टी पाहिल्या. घरातच हे असं, तर परक्यांचं काय विचारावं.

बत्हा

माणसं पाहायची तर बत्ह्याच्या बाजारात चला, असं सौरभ म्हणाला आणि शुक्रवारी संध्याकाळी घेऊन गेला. गाडी लावायला जागा मिळेना, तेव्हाच मला बरं वाटलं. गल्ल्या भरून माणसं, सगळे पुरुष आणि बहुतेक आपल्याच बाजूचे. केरळी, बंगाली, बिहारी, पाकिस्तानी. पैसे पाठवायच्या दुकानांपुढे रांगा, मोबाइलच्या काचा, ढीग लावून विकलेले शर्ट, चहाच्या टपरीपुढे कागदी पेल्यांचा खच. सुट्टीचा एकच दिवस, आणि तो घालवायला खोलीपेक्षा रस्ता बरा. एका केरळी खानावळीत आम्ही पराठा आणि बीफऐवजी मासा मागवला. वाढणाऱ्याने माझ्याकडे पाहून न विचारताच एक पापड जास्त ठेवला. आईच्या वयाची बाई तिथे क्वचितच येत असावी.

बाहेर आल्यावर बंद शटरच्या पायरीवर एक पन्नाशीचा माणूस बसलेला दिसला. चपला काढून शेजारी ठेवलेल्या, हात गुडघ्यांवर, नजर खाली. मागे शटरच्या निळ्या पट्ट्या. फोटो समोर वाढून ठेवला होता. मी काढला, आणि सौरभचा नियम आठवून लगेच त्याच्याकडे गेले, पडद्यावर दाखवला. माणूस गोरखपूरकडचा होता, एका बांधकामावर लोखंड बांधणारा. त्याने बराच वेळ पाहिलं.

"बहनजी, ये मिटा दीजिए," तो म्हणाला. "घर में देखेंगे तो कहेंगे, बैठ गया."

मी म्हटलं, तुमच्या घरी कोण दाखवणार आहे? तो म्हणाला, आजकाल फोटो कुठेही जातो. मग चपला घालून उठला, शर्ट खाली ओढला आणि म्हणाला, आता घ्या. मी तो उभा असलेला फोटो घेतला, पायांसकट, आणि पहिला त्याच्यासमोर पुसला. दुसऱ्या फोटोत काहीही नव्हतं. तो मी त्याच्या मोबाइलवर पाठवला. तो खूश झाला आणि त्याने आम्हाला चहा पाजला.

माझ्या दुकानातल्या बुटांचं कारण मला असं बत्ह्यात कळलं. बसलेला माणूस घरी दिसता कामा नये.

जेद्दा

मुग्धाला चार दिवसांची सुट्टी होती. सौरभ आणि इरा रियाधलाच थांबले, आम्ही दोघी विमानाने जेद्दाला गेलो. विमानात आजूबाजूला पांढरी न शिवलेली वस्त्रं नेसलेले यात्रेकरू होते. विमानतळावरून ते सगळे एका बाजूला गेले आणि आम्ही दुसऱ्या. मुसलमान नसलेल्यांना मक्केला जाता येत नाही, त्यामुळे आपला जेद्दा हाच शेवटचा टप्पा.

रियाधची हवा कोरडी, ओठ फाटतात. जेद्दाला दार उघडताच दमट वारा अंगावर आला आणि मी कोकणात उतरल्यासारखा पदर सावरला. सकाळी बलदमध्ये, म्हणजे जुन्या शहरात, गेलो. प्रवाळाच्या दगडांची उंच घरं आणि त्यांना लाकडी जाळीचे मोठे सज्जे. काही घरं सरकारने नव्याने उभी केली आहेत, रंग ताजा, दिवे नवे. काही टेकू देऊन उभी आहेत. एका गल्लीत पर्यटक कॉफी पितात, पुढच्या गल्लीत बंगाली शिंपी मशीन चालवतो. नाश्त्याला आम्ही फूल खाल्लं. हा शिजवून घोटलेला घेवडा असतो, वर तेल आणि जिरं, सोबत तंदूरमधली हातभर लांबरुंद रोटी. पावट्याच्या उसळीला घोटून काढलं तर तसं लागेल. मुग्धाने अर्धं टाकलं, मी तिचंही संपवलं.

युनुसला आदल्या दिवशी फोन केला होता. तो आधी म्हणाला, काकी, मीच हॉटेलवर येतो. मी म्हटलं, मला जुनं शहर बघायचंच आहे, पत्ता पाठव. त्याने जरा आढेवेढे घेतले. शेवटी पाठवला, पण दुपारनंतर या म्हणाला. आम्ही फूल खाऊन मोकळ्या झालो होतो. दुपारपर्यंत उन्हात काय करायचं म्हणून अकराच्या सुमारास तिकडे वळलो.

गल्ली अरुंद होती. दोन्ही बाजूंच्या उंच घरांमुळे खाली सावली, आणि मधे एकाच ठिकाणी वरून उतरलेला उन्हाचा पट्टा. त्या पट्ट्यात एक माणूस लांबलचक ओलं पांढरं कापड ताणून उभा होता. दुसरं टोक एका दारातून बाहेर आलेल्या दोन हातांनी धरलेलं. कापडावर ऊन पडून ते आतून पेटल्यासारखं दिसत होतं. उन्हातला माणूस मान मागे टाकून हसत होता. मी कॅमेरा उचलला आणि दाबला. नंतर पाहिलं, तो युनुस होता.

त्याने मला पाहिलं आणि हसणं थांबलं. पण कापड सोडलं नाही. "काकी, जरा थांबा. खाली लागता नये," तो म्हणाला. म्हणून आम्ही दोघी ते वाळेपर्यंत तिथेच उभ्या राहिलो.

दारातले हात होते शौकतभाईंचे. युनुसच्याच गावचे, त्याच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, अंगाने भरलेले. त्यांनी ती दारामागची खोली फार वर्षांपासून सांभाळली आहे. सावित्रीकाठच्या बऱ्याच गावांची जेद्दात अशी 'गावाची खोली' असते. गावची जमात, म्हणजे गावची मुसलमान मंडळी मिळून, भाडं भरते. गावचा जो कुणी नवा येईल, किंवा ज्याची नोकरी सुटेल, तो तिथे राहतो. काम मिळालं की बाहेर पडतो, दुसऱ्याला जागा होते. कुणाला मागावं लागत नाही, की आभार मानावे लागत नाहीत. गणपतीला आमच्याकडे मुंबईची माणसं गावच्या घरी अशीच उतरतात.

कापड वाळल्यावर दोघांनी ते टोकाला टोक लावून घडी केलं आणि एका स्वच्छ उशीच्या अभ्र्यात घातलं. मुग्धा म्हणाली, केवढी लांब चादर. शौकतभाई माझ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "चादर नाय ती, बाय. कफन हाय."

मी विचारलं, कुणासाठी.

"अम्मासाठी," युनुस म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. मक्केतल्या झमझमच्या विहिरीच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं कफन गावाकडची म्हातारी माणसं मागून घेतात आणि ट्रंकेत तळाशी ठेवतात. हमीदाबी त्याच्याकडे किती वर्षं मागत होती. तो टाळत होता. त्याच्या वडिलांनी असंच मागितलं होतं, त्याने नेऊन दिलं, आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते गेले. "हातात पडलं की माणूस मोकळा होतो, काकी. मला तिला मोकळं करायचं नव्हतं." पण सलमाने डॉक्टरांचं बोलणं कळवलं. मग मागच्या आठवड्यात तो मक्केला जाऊन उमरा, म्हणजे छोटी यात्रा, करून आला, येताना पाण्याचा कॅन आणला, कापड बाजारातून घेतलं. टबात भिजवलं, पिळलेलं पाणीही कुंडीत घातलं.

मी विचारलं, तू स्वतः का जात नाहीस. सरळ प्रश्न होता. त्याने शौकतभाईंकडे पाहिलं. ज्या वर्कशॉपमध्ये तो होता ते बंद पडलं होतं. जुन्या कफिलाने, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा परवाना होता त्या मालकाने, कागद सोडले नव्हते, नव्या मालकाकडे नाव चढलं नव्हतं. या अवस्थेत देश सोडला तर परत येण्याचा रस्ता बंद. घरी दोन मुलं, त्यांची शाळा आणि आईची औषधं. गेले सात महिने तो गावाच्या खोलीवर होता आणि मिळेल तिथे सुट्टं काम करत होता. सलमाला ठाऊक होतं. अम्माला नाही. मॉलपुढचे फोटो याच सात महिन्यांतले.

"हसत होतास ते?" मी विचारलं. मला ते जाणून घ्यायचं होतं, कारण तो फोटो माझ्याकडे होता.

शौकतभाईंनी उत्तर दिलं. "मीच बोललो. घट्ट धर रे, तुझी आई बघेल तर म्हणेल, चाळिशीला आला नि अजून चादरीची घडी येत नाय."

दुपारी त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. जमिनीवर प्लॅस्टिक अंथरलं. लाल समुद्रातला नाजिल नावाचा मासा, त्याचं नारळ घातलेलं आंबट कालवण, आणि शौकतभाईंनी थापलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. एकाच मोठ्या थाळ्यात चौघांनी जेवायचं. मुग्धा आधी बिचकली. मी सरळ हात घातला. भाकरी मी थापते त्यापेक्षा पातळ होती.

निघताना युनुसने दोन गोष्टी मागितल्या. अभ्र्यातलं कापड मी महाडला न्यावं आणि गल्लीतला फोटो अम्माला दाखवू नये. त्याऐवजी उद्या समुद्रावर एक चांगला फोटो काढू. मी म्हटलं, कापड नेईन. फोटो आपणहून दाखवणार नाही, पण तिने विचारलं तर खोटं बोलणार नाही. मला खोटं नीट जमत नाही आणि तुझ्या आईपुढे तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, इस्त्रीचा निळा शर्ट घालून आला. मागे समुद्र, सूर्य खाली आलेला, कुटुंबं चटया टाकून बसलेली. मी त्याला उभं केलं, क्षितिज डोक्याच्या वर घेतलं, बूट घेतले. चांगला, स्वच्छ फोटो. कापड तो विमानतळावर आणून देणार होता. विमानाच्या वेळेला तो आला नाही, फोन आला. काकी, राहू दे. मीच घेऊन जाईन, केव्हा ते बघू. 

पुन्हा रियाध

गल्लीतला फोटो मी आमच्या गटावर पाठवला. काय आहे ते लिहिलं नाही. प्रदर्शनाला द्यायचा म्हणून नव्हे. इतर काय पाहतात, ते मला पाहायचं होतं.

इराने पॅराशूट पाहिलं. सौरभने धोबी. गटातल्या एकीने लिहिलं, श्रमातला आनंद. दुसऱ्याने लिहिलं, शरणागतीचं निशाण, स्थलांतरिताची हतबलता. हसणाऱ्या माणसात त्याला हतबलता कुठे दिसली कोण जाणे, पण पुढे त्याने दोन परिच्छेद लिहिले होते आणि ते वाईट नव्हते. आमच्या गटाचे जाणते, देसाई सर, यांनी फोन केला. म्हणाले, तुमचा आजवरचा सर्वांत चांगला फोटो. फक्त डावीकडचे ते दोन हात कापा. लक्ष विचलित होतं. कापड चौकटीबाहेरून आलं, तर पाहणाऱ्याला कळणार नाही कुठून आलं, आणि तो विचार करत राहील.

सरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी हात झाकून पाहिले. फोटो खरोखरच मोठा वाटायला लागला. एकटा माणूस, आणि कुठून तरी आलेलं उजेडाचं कापड. कुणीही भिंतीपुढे थांबला असता. मी तो तसाच ठेवून दिला, काही कळवलं नाही. उरलेले दिवस इराला मराठी अक्षरं गिरवायला लावण्यात आणि खजूर विकत घेण्यात गेले.

महाड

परत आल्यावर समुद्राचा फोटो मोठा छापला, साधी काळी पट्टी लावली आणि सावित्रीकाठी हमीदाबीच्या घरी घेऊन गेले. गल्लीतला फोटोही छापला होता, पण पाकिटात घालून पिशवीत ठेवला. हमीदाबी खाटेवर उशांना टेकून बसली होती. महिन्याभरात चेहरा उतरला होता. सलमाने चहा ठेवला आणि फ्रेम सासूच्या मांडीवर दिली.

हमीदाबीने चष्मा लावला. समुद्राकडे पाहिलंच नाही. बोट फिरवत फिरवत गळ्यापाशी आणलं.

"हा शर्ट त्याचा नाय," ती म्हणाली.

सलमा म्हणाली, नवा घेतला असेल. हमीदाबीने तिला चहात दूध घालायला आत पाठवलं. मग मला म्हणाली, "नवा घेताना कुणी दोन बोटं सैल घेत नाय. खांदे बघ कुठं उतरलेत. जाड्या माणसाचा हाय. माझ्या पोराला फोटोला शर्ट मागून घालावा लागला. का ते सांग."

मी फोटो काढताना क्षितिज पाहिलं होतं, बूट पाहिले होते. शर्ट पाहिला नव्हता. ती माझ्याकडे पाहत होती आणि तिचा श्वास वाढत होता. ती म्हणाली, "दुसरा काढला नायस?"

तिने विचारलं होतं. मी पाकीट काढून दिलं.

तो फोटो तिने फ्रेमपेक्षा कितीतरी जास्त वेळ पाहिला. खिडकीकडे धरला, पुन्हा मांडीवर घेतला. कापड काय आहे ते तिला सांगावं लागलं नाही. नजर त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, जणू हाताने मापतेय. मला वाटलं आता रडेल, आणि सलमाला हाक मारावी का, असा मी विचार करत होते.

"शौकत्या," ती म्हणाली.

मी म्हटलं, कुठे दिसला? फोटोत तर फक्त हात आहेत.

"मंग हातच दाखवतेय." तिने फोटोतल्या डाव्या हाताच्या करंगळीवर नख ठेवलं. करंगळी दुसऱ्या पेराला बाहेरच्या बाजूला वळलेली होती. ते मी पाहिलंच नव्हतं, देसाई सरांनीही नाही. "आमच्या दारच्या आंब्यावरून पडला. त्याची आय शेतावर. मीच लाकडाची काडी लावून बांधली होती. वाकडी बसली. अजून मला बोलतो, चाची, तू माझा हात बिघडवलास." तिने नख त्या हातावरून युनुसकडे नेलं. "शौकत खोली सोडून कुठं राहत नाय. म्हणजे हा खोलीवर हाय. म्हणजे काम सुटलंय. शर्ट शौकतचा."

मी नाही म्हटलं नाही.

आतून कपांचा आवाज येत होता. हमीदाबी आवाज खाली करून बोलली. "सलमाला ठाऊक असंल. तिचा चेहराच सांगतो. तिला वाटतं मला माहीत नाय, राहू दे. मला भीती होती तो एकटा हाय. आजारी हाय, की तिथं दुसरं घर केलंय, काय काय यायचं मनात. रात रात. शौकत हाय जवळ, मंग उपाशी राहणार नाय." मग पुन्हा फोटोवर वाकून म्हणाली, "कापड जास्त घेतलंय. माझ्यासारख्या दोघी मावतील. आईचं माप ठाऊक नाय पोराला."

मी तिला सांगितलं, की तो ते माझ्याबरोबर देणार होता आणि शेवटी दिलं नाही, मीच आणीन म्हणाला. बापाच्या वेळचं तो काय म्हणाला, तेही सांगितलं.

"येडा," ती म्हणाली. "त्याचा बाप बिडीने गेला." मग फोटो पुन्हा खिडकीकडे धरला. "नाय दिलं ते बरं केलं. त्यालाच आणू दे. तवर मी कुठं जात नाय."

हे डॉक्टरांच्या हातात आहे, असं मी म्हणू शकले असते. म्हटलं नाही.

गल्लीतला फोटो तिने उशीखाली ठेवला. तो प्रदर्शनाला द्यायचा का, हे मी विचारलं नाही. सरांना दुसऱ्या दिवशी रियाधच्या रिकाम्या फुटपाथवरचा सपातेचा फोटो पाठवला. तो त्यांना बरा वाटला.

समुद्राचा फोटो मात्र तिला भिंतीवर हवा होता, आणि खाटेच्या मागच्या भिंतीवर. मी म्हटलं, चाची, तिथे तुला दिसणार नाही, समोर लावू. ती म्हणाली, "मला कशाला? व्हिडिओवर त्याला दिसला पाहिजे." सलमाने हातोडी आणली. मी खिळा ठोकला, पातळी पाहिली, आणि फ्रेम तिच्या उजव्या खांद्यावरून नीट दिसेल इतकी खाली घेतली.

तेवढ्यात त्याचा फोन आलाच, रोजच्या वेळेला. सलमाने मोबाइल सासूपुढे धरला. युनुसने आधी मागची भिंत पाहिली असावी, कारण त्याने तब्येतीच्याही आधी तेच काढलं. म्हणाला, "काकी आल्या होत्या वाटतं. फोटो आवडला, अम्मा?"

"आवडला. चांगला दिसतोस," हमीदाबी म्हणाली. "कॉलर तेवढी सैल झालीय. जेवत जा."